तिसऱ्या अंपायरला ताप

“हलते का पाह्य,” दिवाकरकाका म्हणाले आणि बांबूला बांधलेल्या मोबाइलला त्यांनी हळूच टिचकी मारली.

मोबाइल हलला नाही. दोन सुतळ्या, सायकलची जुनी ट्यूब आणि काकूच्या साडीचा फाडलेला काठ एवढ्या बंदोबस्तात तो हलणार तरी कसा? त्याचा डोळा थेट खेळपट्टीकडे लावलेला होता. खालच्या बाजूला पॉवर बँक लटकत होती आणि तिची वायर मोबाइलच्या पोटात गेली होती.

“आता कोनाच्या बापाले भांडाले जागा नाही,” काका हात झटकत म्हणाले. “डाउट आला का मोबाइल पाह्याचा. प्रणाली, तू काही टेन्शन घेऊ नको. तू फक्त चौकोन काढायचा. बाकी मोबाइल सांगीन.”

मी मान हलवली. डोक्यावरची पांढरी टोपी मला मोठी होत होती, कारण ती देवतळे सरांची होती.

देवतळे सर आमच्या खैरगावच्या स्पर्धेचे कायमचे अंपायर. पण आदल्या दिवशी सेमीफायनलमध्येच त्यांना ऊन लागलं आणि ते घरी कांद्याचा रस तळपायाला चोळून पडून राहिले. फायनल तर ठरलेली होती, पाहुणे बोलावलेले होते, बासुंदीचं दूध आटत होतं. मग कोणाला तरी आठवलं, दिवाकर भोयरांची पुतणी अमरावतीहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आली आहे, तिनं अंपायरिंगची परीक्षाही दिली आहे. तोवर माझ्या पदवीचा गावाला एकच उपयोग ठाऊक होता, तो म्हणजे पंधरा ऑगस्टची कवायत.

समोरचा संघ लोणीचा होता. खैरगाव आणि लोणी यांच्यामध्ये एक नाला आहे, बस्स. यवतमाळच्या बाजारात भेटलो की आम्ही एकाच गावचे. लोणीच्या निम्म्या सुना खैरगावच्या आणि खैरगावच्या निम्म्या सुना लोणीच्या. आमची कुसुमकाकू, म्हणजे दिवाकरकाकांची बायको, तीही लोणीचीच. पण चेंडू आणि बॅट मध्ये आले की मग कोणी कोणाचं सोयरं नसायचं.

लोणीचा कप्तान अनंता राऊत हा काकूचा सख्खा भाचा, म्हणजे तिच्या भावाचा मुलगा; आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजीच म्हणतात. अंपायर कोण ते कळल्यावर तो सरळ काकांसमोर येऊन उभा राहिला.

“मामाजी, अंपायर तुमच्या घरची. अन् थेही…” तो माझ्याकडे बघून थांबला. “राग नका मानू ताई, पन आमच्या पोट्ट्याइनं काय समजायचं?”

काकांनी खिशातून मोबाइल काढला. त्याला काळ्या रेक्झिनचं जाडजूड कव्हर होतं आणि कव्हरवर सोनेरी अक्षरांत ‘भोयर’ असं छापलेलं होतं. नवा कोरा मोबाइल होता तो. काका जेवतानासुद्धा त्याला ताटाशेजारी बसवायचे.

“निर्नय हा देईन,” काका म्हणाले. “पोरगी नुसती हात वर करीन. हा नाही खैरगावचा, नाही लोणीचा. मंजूर?”

“मंजूर,” अनंता म्हणाला.

मला कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही हायसंच वाटलं.

सामना सकाळी उन्हाच्या आत संपवायचा, असं ठरलं होतं. पण प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग त्यांचं स्वागत, स्वागताला उत्तर, नारळ, आणखी एक नारळ. पहिला चेंडू पडला तेव्हा सूर्य चांगला वर आला होता आणि मैदानाच्या कडेची पळसाची पानंसुद्धा लोंबायला लागली होती. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी अधिक सांगायला नको.

बांबूवरच्या मोबाइलला एका वेळी चार नोकऱ्या होत्या. तो सामन्याचं चित्रण करून साठवत होता आणि तेच चित्रण गावाबाहेरच्या खैरगावकरांना थेट दाखवत होता. माझा चुलतभाऊ पंकज पुण्यातून बघत होता, त्याचे मित्र सुरतेतून बघत होते. शिवाय ओव्हर संपली की मोबाइलवरूनच मंडपातल्या स्पीकरवर गाणं वाजायचं. गुणफलक लिहिणाऱ्याला नेटही याच मोबाइलमधून मिळत होतं. आणि हे सगळं चालू असताना तो चार्जही होत होता.

मंडप होता, पण मोबाइलला मंडपातून खेळपट्टी नीट दिसत नव्हती. म्हणून तो बिचारा उन्हात, काळं कव्हर घालून उभा होता. काकूनं एकदा म्हटलंही, “अवो, त्याले तरी टोपी घाला.” सगळे हसले आणि विसरून गेले.

माझं काम सुरळीत चाललं होतं. चेंडू पॅडला लागला, अपील झालं, मी तिसऱ्या अंपायरला विचारायची खूण म्हणून हवेत चौकोन काढला. झेल खाली टेकला की नाही, मी चौकोन काढला. प्रत्येक वेळी काका धावत बांबूकडे जायचे, दोन्ही कप्तान त्यांच्या खांद्यावरून डोकावायचे आणि मंडपातून ओरडून निकाल कळायचा. मग मी हात वर करायची किंवा मान हलवायची. सामना अर्ध्यावर आला तोवर लोकच माझ्या आधी हवेत चौकोन काढायला लागले होते. बायका हसत हसत साडीच्या पदरानं चौकोन काढायच्या. मलाही हसू यायचं. आईनं घरून बजावून पाठवलं होतं, “भांडनं झाले का बाजूले सरकजो.” बाजूला सरकायची वेळच येत नव्हती.

खैरगावची शेवटची जोडी मैदानात होती. जिंकायला दोन धावा हव्या होत्या. बॅट रोशन उमाटेच्या हातात होती. रोशन आमच्या गावचा जीव की प्राण. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा, उंच, काटक, आणि चेंडू मारला की तो नाल्यापलीकडेच शोधावा लागायचा. त्या दिवशी त्यानंच एकट्यानं सामना इथवर ओढत आणला होता. समोरच्या टोकाला होता तो आमचा अकरावा गडी, ज्याला बॅट कोणत्या बाजूनं धरायची हे माहीत होतं, एवढंच.

ओव्हरचा शेवटचा चेंडू होता. एक धाव काढून रोशनला पुढच्या ओव्हरला स्वतःच फलंदाजीला यायचं होतं, हे मैदानातल्या शेळ्यांनाही कळत होतं. गोलंदाजी खुद्द अनंता करत होता. त्यानं चेंडू टाकला, रोशननं तो हलक्या हातानं मिड-ऑनकडे ढकलला आणि माझ्या टोकाकडे धाव घेतली.

मी दोन पावलं बाजूला सरकले आणि नजर रेषेवर ठेवली.

मिड-ऑनच्या पोऱ्यानं चेंडू उचलला आणि फेकला. अनंतानं तो स्टंपजवळ घेतला आणि स्टंप उडवले. त्याच क्षणी रोशननं अंग झोकून दिलं. धुळीचा एवढा लोट उठला, की मंडपातून फक्त अनंताची पाठ आणि रोशनचे बूट दिसले असतील.

“आउट!” अर्धं मैदान ओरडलं.

“नाही नाही!” उरलेलं अर्धं.

मी दोन्ही हात वर केले आणि हवेत चौकोन काढला.

“मोबाइल! मोबाइल!” सगळा मंडप एका सुरात म्हणाला. काका धोतराचा सोगा सावरत बांबूकडे धावले, दोन्हीकडचे खेळाडू त्यांच्यामागे. काकांनी बटण दाबलं. परत दाबलं. मग त्यांनी मोबाइल सुतळीतून ओढून काढला आणि “अगं आई गं!” म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात उडवला.

“काय झालं?”

“तापला! भाकरीच्या तव्यावानी तापला!”

मोबाइलच्या काळ्या काचेवर एक लाल थर्मामीटर आणि काहीतरी सूचना होती. आम्ही ती वाचायच्या आतच तीही विझली.

पुढे जे झालं, त्याला क्रिकेट म्हणता येणार नाही. काका मोबाइल उपरण्यात गुंडाळून तान्ह्या पोराला आणावं तसे मंडपात घेऊन आले आणि त्यांनी तो काकूच्या मांडीवर ठेवला. भोवती दोन्ही संघ, पाहुणे, बायका, सगळ्यांचं कडं झालं.

“ताप हाय,” कोणीतरी गंभीरपणे म्हणालं.

“पानी मारा त्याच्यावर!”

“पानी मारून मारून टाका मंग त्याले!”

“बर्फाच्या पेटीत ठेवा. गोळेवाला आला हाय.”

गोळेवाला पेटी उघडून तयारच होता. “नाही!” मी मध्ये पडले. “एवढा गरम मोबाइल एकदम बर्फात ठेवला तर आत पाणी सुटेल. मग कधीच उघडणार नाही. वायर काढा आधी. ते कव्हर काढा. सावलीत ठेवा आणि वारा घाला.”

कव्हर काढताना काकांचा चेहरा पाहवत नव्हता. सोनेरी ‘भोयर’ उन्हानं वितळून ‘भोर’ झालं होतं. काकूनं ओला रुमाल घट्ट पिळला, बाजूला पसरला, त्यावर कोरडा टॉवेल अंथरला आणि वर मोबाइल ठेवला. आणि मग ती सुपानं वारा घालू लागली. लोणीचा विकेटकीपर दुसरं सूप घेऊन दुसऱ्या बाजूला बसला.

“हळू घाल रे, सर्दी होईन,” काकू म्हणाली आणि सगळे हसले. अनंताही हसला. थोड्या वेळापूर्वी एकमेकांची कॉलर धरायला निघालेली पोरं आता एकाच सतरंजीवर बसून मठ्ठा पीत होती.

बाकीच्यांचे आपापले मोबाइल तपासून झाले. मंडपातून घेतलेल्या सगळ्या चित्रणात एकच गोष्ट होती, अनंताची पाठ. एकात धूळ जास्त होती, एकात कमी.

मी मंडपाच्या खांबाला टेकून उभी होते. काका हळूच शेजारी आले.

“प्रणाली.”

“काय काका?”

“मोबाइल चालू होईन, नाही होईन. नाहीच झाला तं…” त्यांनी घसा साफ केला. “डाउट असला का बॅटवाल्याले फायदा. हा नियमच हाय ना?”

“आहे.”

“मंग झालं तं. मी काही तुले शिकवत नाही. तुले समजते.” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “सात-आठ वर्सात फायनल नाही जिंकली गावानं. तुया बाबाच्या टायमाले जिंकलो होतो, तो आखरीचा.”

ते गेले आणि जरा वेळानं अनंता पाणी प्यायच्या निमित्तानं तिथं आला. त्यानं पेला भरला, पण प्यायला नाही.

“ताई, एक बोलू का?”

“बोला ना.”

“तुमी काय देनार थे आमाले माहीतच हाय.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. भुवयांवर धूळ बसून त्या पांढऱ्या झाल्या होत्या. “मोबाइल होता म्हून खेळलो आमी. आता मोबाइल नाही, तं तुमी खैरगावच्या. जाऊ द्या. तुमचा इलाज नाही. मीही असतो तं हेच केलं असतं.”

त्यानं पेला रिकामा केला आणि तो निघून गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मी रोशनकडे पाहिलं. तो सगळ्यांपासून थोडा दूर, बॅट मांडीवर आडवी ठेवून बसला होता. लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते, “आत होता ना बे तू? आतच होता!” तो नुसता दोरा निघालेल्या बॅटच्या मुठीला बोटांनी चाळा करत होता. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

एवढ्यात काकूच्या कमरेचा साधा फोन वाजला. तिनं सूप खाली ठेवलं आणि फोन कानाला लावला.

“कोन? पंकज? बोल रे बाबा… काय? जोरानं बोल!” मग तिनं फोनचा स्पीकरच चालू केला.

“काकू, काय चालू हाय तिकडे?” पुण्याहून पंकजचा आवाज मंडपभर घुमला. “काकाचा फोन कधीचा लावून रायलो, बंद येते. मॅच दिसनं बंद झालं न केव्हाचं! रोशन पानी पिऊन रायला होता, तेव्हापासून काळंच काळं. कोन जिंकलं थे तरी सांगा! सुरतवाले माया जीव खाऊन रायले!”

रोशन पाणी प्यायला होता, त्याला दोन ओव्हर झाल्या होत्या. ओव्हर संपल्यावरची गाणी कधी थांबली, हेही सामन्याच्या भरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काकांनी घाईघाईनं टॉवेलवरचा मोबाइल उचलला. तो आता निवला होता. बटण दाबताच गुणी बाळासारखा उघडला. काकांनी चित्रण लावलं. शेवटचं दृश्य खरंच रोशनचं होतं. तो मान वर करून बाटली तोंडात रिकामी करत होता आणि पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. तिथं चित्र संपलं. रनआउटच्या वेळी तिसरा अंपायर कधीचाच बेशुद्ध पडलेला होता.

“आता?” कोणीतरी विचारलं.

“बॉल परत टाका,” प्रमुख पाहुणे म्हणाले. त्यांना निघायची घाई होती. “तो चेंडू धरूच नका. परत टाका. कोणावर अन्याय नाही.”

ही कल्पना सगळ्यांना एकदम पटली. काकांनी मान डोलावली. अनंतानं क्षणभर आभाळाकडे पाहिलं आणि खांदे उडवले. त्याला वाटलं असेल, मिळतंय तेवढं घ्यावं. पोरं उठून कपडे झटकू लागली, कोणी रोशनला हात देऊन उठवू लागलं. सगळे खूश. आणि मीही सुटले होते. हात वर करायचा नव्हता, मान हलवायची नव्हती. बाजूला सरकायचं होतं, बस्स. आईनं सांगितलं होतं तसं.

“थांबा,” मी म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. मी खेळपट्टीपर्यंत चालत गेले, माझ्या टोकाला, जिथं मी मघाशी उभी होते तिथं. स्टंप अजून पडलेलेच होते. रोशनच्या अंगाची घसट मातीत तशीच उमटलेली होती, पण त्यावरून आतापर्यंत इतके पाय फिरले होते की तिचा काही उपयोग नव्हता. मी मंडपाकडे तोंड केलं.

“चेंडू परत टाकायचा नाही,” मी जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं ओरडले. कवायतीचा आवाज उपयोगी आला. “मी इथं उभी होते. मी पाहिलंय.”

आणि बोट वर केलं.

आधी कोणाला समजलंच नाही. मग लोणीच्या बाजूनं एक अविश्वासाचा आवाज आला, आनंदाचा नव्हे, नुसताच “आं?” असा. आणि मग आमच्या बाजूनं जो गलका झाला, त्यातले शब्द मी इथं लिहीत नाही.

काका तरातरा मैदानात आले. “काय करून रायली तू?”

“आउट आहे, काका.”

“कशावरून?”

“स्टंप पडले तेव्हा बॅट हवेत होती. रेषेवरून गेली होती, पण टेकली नव्हती. टेकली नंतर.”

“एवढ्या धुळीत दिसलं तुले?”

“धूळ नंतर उडाली. बॅट टेकल्यावर.”

काका माझ्याकडे बघतच राहिले. “तू आपली हायेस का लोणीची?”

“आत्ता मी कोणाचीच नाही.” मी पडलेला एक स्टंप उचलून जागेवर रोवला. “उद्या सकाळी तुमची पुतणी आहेच मी.”

मागून काकू आली. अजून तिच्या हातात सूप होतं. “अवो, झालं ना आता. पोरगी म्हनते आउट तं आउट. मोबाइलनं म्हटलं असतं तं गुपचूप ऐकलं असतं. हे तं बोलते, वरून तुमचंच रक्त हाय.”

कोणी हसलं, कोणी शिवी दिली. दोन-तीन पोरं माझ्या दिशेनं यायला लागली. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं आणि मला खरोखर भीती वाटली.

तेवढ्यात रोशन उठला. त्यानं बॅट बगलेत मारली, हातमोजे काढत काढत माझ्या अंगावर येणाऱ्या पोरांच्या मधून सरळ चालत आला, माझ्याजवळून गेला आणि अनंतापुढे हात केला.

“चांगला घेतला बॉल,” तो म्हणाला.

अनंतानं त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. मग लोणीची पोरं एकदम जागी झाली आणि ओरडत, नाचत मैदानात पळाली. खैरगावची पोरं जागच्या जागी थांबली. रोशननं मान्य केल्यावर भांडायचं कोणासाठी?

बक्षीस समारंभात काका माइकवरून लोणीचं अभिनंदन करताना दोनदा अडखळले. बासुंदी मात्र दोन्ही गावांनी संपवली. अनंतानं चषक आधी काकूच्या हातात दिला, म्हणाला, “आत्या, अर्धा तुवा हाय.” काकूनं तो खैरगावच्या बायकांमध्ये फिरवला, त्यामुळे चषक दोन्ही गावांनी हातात धरला, असं नंतर काका सगळ्यांना सांगत.

ऊन उतरल्यावर मी देवतळे सरांची टोपी परत द्यायला निघाले. वाटेत पाण्याच्या टाकीजवळ रोशन तोंड धूत होता. मी थांबले.

“रोशनभाऊ,” मी म्हणाले, “आज तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं.”

त्यानं ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि हसला.

“ताई, मी आउट होतो, हे मले माहीतच होतं. बॅटवाल्याले कळतेच.”

“मग बोलला का नाहीत? अर्धा तास आपण त्या मोबाइलला वारा घालत बसलो होतो!”

“मी बोलनार होतो ना,” तो म्हणाला. “स्टंप उडाले, मी उठून तुमच्याकडेच पाहिलं. तुमी बोट वर केलं असतं तं तिथूनच चालू लागलो असतो. तुमी चौकोन काढला. म्हटलं, इथी पाच हातावर उभ्या हायेत अन् यांनाच माहीत नाही, तं मी कायले सांगू?”

“मला माहीत होतं.”

“होतं?”

“दिसलं होतं. स्वच्छ.”

रोशननं भुवया वर केल्या. “मंग चौकोन काहून काढला?”

खरं म्हणजे तो चौकोन माझ्या हातांनी काढला होता, मी नव्हता काढला. सकाळपासून हातांना तीच सवय लागली होती. डोळ्यांनी पाहिलं, आणि डोळ्यांना कोणी विचारायच्या आधीच हात वर गेले. हे सगळं त्याला सांगण्याऐवजी मी हसले. तोही हसला.

“तुमी लय घामाघूम झाल्या होत्या बोट वर करताना,” तो म्हणाला. “मी पाहून रायलो होतो.”

“तुम्ही तर माझ्याकडे बघतच नव्हता!”

“पाहून रायलो होतो,” तो म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नंतर मी पुष्कळ सामन्यांत उभी राहिले, जिल्ह्याच्या, विद्यापीठाच्या, आणि दोनदा तर अशा मैदानावर, जिथं तिसरा अंपायर गार हवेच्या खोलीत बसलेला असतो. नियम असेल तिथं मी चौकोन आजही काढते. पण मनात निर्णय झालेला असतो, आणि तो बरोबर की चूक, हेच फक्त मला त्यांच्याकडून ऐकायचं असतं. चूक ठरतो कधी कधी. बिघडत नाही.

पण अंपायर मी त्या बोटानं झाले असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. माझ्या मते ती गोष्ट त्यानंतर काही दिवसांनी झाली.

खैरगाव अजून माझ्यावर फुगलेलं होतं. काका घरी आले तरी माझ्याशी न बोलता चहा पिऊन जायचे. आई कणीक मळत होती आणि मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. आईचा फोन वाजला. तिचे हात भरलेले होते, म्हणून तिनं कोपरानंच स्पीकर लावला.

“नमस्कार, लोनीहून अनंता राऊत बोलतो,” पलीकडून आवाज आला. “आमची स्पर्धा हाय पुढच्या महिन्यात. अंपायर मॅडम हायेत का घरी?”

आई थांबली. आमच्या घरी या नावाचं कोणी राहतं, हे तिला जणू तेव्हाच कळत होतं. तिनं कणकेचे हात ताटाच्या काठावर झाडले, डोक्यावरचा पदर नीट केला, फोनवर कोणाला दिसणार नव्हतं तरीही. जन्मापासून मला ‘अगं’, ‘पोरी’, ‘कार्टे’ यापलीकडे तिनं कधी हाक मारली नव्हती.

“हाव, हायेत,” आई म्हणाली. “थांबा, बोलावते त्यांना.”